आडोसा आणि उघडा समुद्र : माझगावच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रातील वादळे व पूर्वसूचना यांचा इतिहास

प्रस्तावना

मुंबईच्या इतिहासलेखनात समुद्राचा उल्लेख वारंवार येतो, परंतु तो बहुधा व्यापार, बंदर, गोदी व भरणी यांच्या संदर्भात येतो. समुद्राचे हवामान हा विषय भूगोल अथवा हवामानशास्त्र यांच्याकडे सोपविला जातो. वादळ ही नैसर्गिक आपत्ती असल्याने तिला इतिहास नसतो, असा एक समज यामागे दिसतो. वादळ निसर्गाचे असले तरी त्याची वार्ता कोणास मिळाली, ती कोणी मानली, कोणी मानली नाही आणि किंमत कोणी मोजली, हे प्रश्न निश्चितच इतिहासाचे आहेत.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार माझगाव हे स्थान केंद्रस्थानी ठेवून केला आहे. मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक असलेले माझगाव कोळ्यांची वस्ती, जहाजबांधणीची गोदी आणि कोकणात जाणाऱ्या उतारूंचा धक्का या तिन्ही नात्यांनी समुद्राशी जोडलेले आहे. 'मत्स्यग्राम' या शब्दापासून या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. ती सर्वमान्य नसली तरी या किनाऱ्याच्या मूळ व्यवसायाशी जुळणारी आहे. १८८८ मधील 'वैतरणा', १९४७ मधील 'रामदास' आणि २०२१ मधील 'पी-३०५' या तीन दुर्घटनांच्या आधारे हवामानाचे ज्ञान आणि त्या ज्ञानावर घेतलेला निर्णय यांमधील अंतर कसे बदलत गेले, हे तपासणे हा या निबंधाचा हेतू आहे.

माझगावची भूरचना आणि आडोसा

माझगावचा किनारा पूर्वाभिमुख आहे. मुंबई बेटाचा दक्षिणोत्तर पट्टा पश्चिमेकडील उघड्या समुद्राच्या व माझगावच्या मध्ये उभा असल्याने नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांचा व लाटांचा थेट मारा या किनाऱ्यावर होत नाही. भंडारवाडा टेकडीवरून पूर्वेस पाहिले असता दिसणारे पाणी हे खाडीचे व बंदराचे पाणी आहे. या आडोशामुळेच येथे गोदी उभी राहू शकली. १७७४ मध्ये येथे लहान सुकी गोदी बांधली गेली. पुढे ती पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या आगबोट कंपन्यांच्या ताब्यात गेली. १९३४ मध्ये तिची खाजगी कंपनी म्हणून नोंदणी झाली आणि १९६० मध्ये ती भारत सरकारने ताब्यात घेतली.

या आडोशाचे राजकीय मूल्य गोदीपेक्षाही जुने आहे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात माझगावच्या आश्रयास येऊन राहत असे. १६७८ च्या जुलैमध्ये हे आरमार जाळण्याच्या उद्देशाने शिवाजी महाराजांनी दौलतखान व दर्यासारंग यांना सैन्यासह पनवेलकडे धाडले. तथापि ऐन पावसाळ्यातील हवामान आणि नावांचा तुटवडा यांमुळे खाडी ओलांडता आली नाही व बेत सोडून द्यावा लागला. सिद्दीला आसरा देणाऱ्या ऋतूनेच मराठ्यांची वाट अडविली, ही बाब लक्षणीय आहे. पुढल्याच वर्षी, १६७९ मध्ये, बंदराच्या मुखाबाहेरील खांदेरी बेट मराठ्यांनी ताब्यात घेऊन तटबंदीस आरंभ केला. बंदराच्या आत शिरता येत नसेल तर त्याचे मुख आपल्या नजरेखाली असावे, हा विचार त्यामागे दिसतो.

मात्र आडोशाची एक दुसरी बाजू आहे. तो किनाऱ्यावरून पाहणाऱ्याच्या मनात सुरक्षिततेचा भास निर्माण करतो. मुंबई बंदराचे मुख दक्षिण-नैऋत्येस उघडते. माझगावहून निघालेली बोट कुलाब्याचे टोक मागे टाकू लागली की बेटाचा आडोसा संपतो. तेथे अरबी समुद्रावरून अखंड धावत आलेल्या लाटा उथळ पाण्यात शिरून उंच व उभ्या होतात. धक्क्यावरून शांत दिसणारे पाणी आणि मुखाशी असणारे पाणी यांत जेमतेम अर्ध्या तासाचे अंतर असते. माझगावच्या सागरी इतिहासातील शोकांतिका या अर्ध्या तासाशी निगडित आहे.

ऋतू, वारे आणि अरबी समुद्राचे वेगळेपण

उष्ण कटिबंधीय चक्रीवादळे जगातील अनेक सागरांत होतात. उत्तर अटलांटिक महासागरात त्यांचा मोसम जून ते नोव्हेंबर असा सलग असतो आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये ती वर्षातील कोणत्याही महिन्यात होऊ शकतात. उत्तर हिंदी महासागराची रीत निराळी आहे. येथे वर्षात दोन मोसम येतात. पहिला मान्सूनपूर्व, म्हणजे मुख्यत्वे मे व जूनचा आरंभ, आणि दुसरा मान्सूनोत्तर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. चक्रीवादळास समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारणपणे साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक लागते. तसेच खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांच्या दिशेत व वेगात फार मोठा फरक असून चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खाली नैऋत्येचा व वर पूर्वेचा जोरदार वारा वाहत असल्याने वादळाचा स्तंभ उभाच राहू शकत नाही. शिवाय सोमालियालगतच्या जलद वायुप्रवाहामुळे खालचे थंड पाणी वर येते आणि बाष्पीभवनही वाढते, त्यामुळे अरबी समुद्र थंडावतो. म्हणून ऐन पावसाळ्यात चक्रीवादळ क्वचित होते. तरीही समुद्र खवळलेला असतो, कारण वाऱ्याचा जोर आणि लाटांची उंची यांना चक्रीवादळाची आवश्यकता नसते.

या शास्त्रीय विवेचनाला समांतर असे एक पारंपरिक ज्ञान किनाऱ्यावर शतकानुशतके नांदत आले. आगोटीला गलबते व मचवे ओढून घेणे, मृगापासून समुद्र 'बंद' मानणे आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून तो पुन्हा 'उघडणे' हा कोळ्यांचा व खलाशांचा वार्षिक क्रम होता. रात्री व पहाटे जमिनीवरून वाहणारे मतलई वारे, दुपारनंतरचे खारे वारे, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांची गणिते तांडेल व नाखवे मुखोद्गत करीत. हे ज्ञान ऋतूंच्या सरासरीचे होते. कोणत्या महिन्यात समुद्रावर विश्वास ठेवू नये, हे त्यातून कळे. अमुक दिवशी दोनशे कोसांवर वादळ उठले आहे, हे कळण्याचा मार्ग मात्र त्यात नव्हता. मान्सूनोत्तर वादळे धोकादायक ठरत ती यामुळेच. नारळी पौर्णिमेनंतर दर्या 'उघडा' झालेला असे आणि दिवाळीच्या आगेमागे वाहतूक भरात येई. नेमक्या त्याच काळात ऑक्टोबर-नोव्हेंबरची वादळे येत.

वेधशाळेपासून बावट्यापर्यंत

दूरच्या वादळाची वार्ता देणारी व्यवस्था मुंबईत टप्प्याटप्प्याने उभी राहिली. कुलाबा वेधशाळेची स्थापना ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये केली आणि १८४१ पासून तेथे नियमित नोंदी होऊ लागल्या. या संस्थेशी मराठी विद्येचा निकटचा संबंध आहे. बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ वेधशाळेचा कारभार होता आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनी आपल्या उमेदीच्या काळात तेथे वेध घेण्याचे काम केले. १८९६ मध्ये नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. हवेचा दाब, वाऱ्याची दिशा व पाऊस यांची दीर्घकालीन नोंद ठेवणाऱ्या आशियातील महत्त्वाच्या केंद्रांत कुलाब्याची गणना होते.

परंतु नोंद ठेवणे आणि सूचना देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'सायक्लोन' हा शब्द हेन्री पिडिंग्टन याने १८४८ मध्ये कलकत्त्यात प्रचारात आणला. १८६४ च्या भीषण वादळानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळसूचनेची पद्धत सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली आणि मुंबई बंदरासाठी अशी सूचना १८८० मध्ये सुरू झाली. १८९८ पासून सर्व भारतीय बंदरांसाठी एकसारखी संकेतपद्धती लागू करण्यात आली. दिवसा शंकू व नळकांडी यांच्या आकृत्या आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे चढवून अकरा प्रकारचे संकेत देण्याची ही पद्धत आहे. पहिले दोन संकेत दूरच्या वादळाचे, तिसरा व चौथा स्थानिक सावधगिरीचे, पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे आणि अकरावा दळणवळण तुटल्याचा आहे. मराठी वृत्तपत्रांतून येणारा 'तीन नंबरचा बावटा' तो हाच.

या पद्धतीची रचना सूक्ष्मपणे पाहिली असता तिची मर्यादाही ध्यानी येते. बावटा बंदरात चढतो, म्हणजे तो बंदरात उभ्या असलेल्या जहाजास दिसतो. निघून गेलेल्या जहाजास तो दिसत नाही. तसेच तो कप्तानास व बंदर अधिकाऱ्यास उद्देशून असतो. तिकीट काढून बोटीत बसलेल्या उताऱ्यास त्याचा अर्थ समजावा, अशी अपेक्षाच त्यात नाही.

१८८२ चे न झालेले वादळ

मुंबईच्या वादळांचा इतिहास लिहिताना एका चमत्कारिक नोंदीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. जागतिक आपत्तींच्या अनेक याद्यांमध्ये ६ जून १८८२ रोजी मुंबईत चक्रीवादळ होऊन एक लाख माणसे मृत्युमुखी पडल्याचे नमूद केलेले आढळते. अमिताव घोष यांच्या पृच्छेतून मुंबईच्या वादळधोक्याकडे वळलेले हवामानशास्त्रज्ञ अॅडम सोबेल व त्यांचे सहकारी यांनी या नोंदीची तपासणी केली असता तिला समकालीन पुरावा मिळाला नाही आणि अशी घटना घडलीच नसावी, असा निष्कर्ष निघाला.

इतिहासाच्या सामान्य कसोटीवरही ही नोंद टिकत नाही. १८८१ च्या शिरगणतीनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे ७ लाख ७३ हजार होती. तीत एक लाख मृत्यू म्हणजे दर आठ माणसांमागे एकाहून अधिक मृत्यू. शिवाय १८९१ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे ८ लाख २१ हजारांवर गेलेली दिसते. कुलाब्यास वेधशाळा, १८७३ पासून बंदराचा कारभार पाहणारा पोर्ट ट्रस्ट, दोन वर्षांपूर्वीच सुरू झालेली प्रिन्सेस गोदी आणि इंग्रजी, मराठी व गुजराती वृत्तपत्रे असलेल्या शहरात अशी घटना निःशब्द राहणे संभवत नाही.

याउलट खऱ्या वादळांच्या नोंदी विस्मृतीत गेल्या आहेत. मे १६१८ मध्ये वसई-मुंबई परिसरास झोडपणाऱ्या वादळाचा उल्लेख पोर्तुगीज लेखनात आहे. नोव्हेंबर १८५४, ऑक्टोबर १९४० व नोव्हेंबर १९४८ मध्येही मुंबईस वादळाचा तडाखा बसला. न झालेले वादळ सर्वतोमुखी आणि झालेली वादळे अज्ञात, ही स्थिती अभ्यासकांनी गांभीर्याने घ्यावी अशी आहे. कारण मुंबईस वादळाचा धोका किती, याचा अंदाज अशा नोंदींवरच बांधला जातो. खोटी नोंद तो अकारण वाढविते, तर विस्मृती तो अकारण घटविते.

'वैतरणा', १८८८ : वार्ता पोहोचण्याचा मार्ग नव्हता

'वैतरणा' ही आगबोट १८८५ मध्ये ग्रेंजमाउथ येथे बांधली गेली. मुंबईच्या शेफर्ड कंपनीची ही बोट कच्छमधील मांडवी ते मुंबई या मार्गावर चाले. बोटीवर विजेचे दिवे असल्याने लोक तिला 'वीजळी' म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती मांडवीहून निघाली. द्वारकेस आणखी उतारू चढले. पोरबंदरास उतारू उतरविणे-चढविणे शक्य झाले नाही आणि बोट पुढे निघाली. त्यानंतर सौराष्ट्राच्या किनाऱ्यानजीक वादळात ती नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसे तीत होती. लग्नाची वऱ्हाडे होती, तसेच मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेस निघालेले विद्यार्थीही होते. एकही माणूस परत आला नाही आणि बोटीचे अवशेषही हाती लागले नाहीत. पुढे झालेल्या चौकशीत होड्या व जीवरक्षक साधने अपुरी असल्याचे पुढे आले.

येथे ज्ञानाची स्थिती काय होती? मुंबई बंदरात वादळसूचनेची पद्धत सुरू होऊन आठ वर्षे झाली होती. जमिनीवर तारायंत्र होते, समुद्रावर नव्हते. बिनतारी संदेशवहनाचा शोध अद्याप लागायचा होता. बोट निघाल्यानंतर तिला परत बोलाविणे कोणत्याही यंत्रणेस शक्य नव्हते. कप्तानापाशी वायुभारमापक आणि आपला अनुभव एवढेच होते. साधनांच्या अपुरेपणाचा दोष माणसांचा होता, परंतु वार्ता न पोहोचणे ही त्या काळाची मर्यादा होती.

'रामदास', १९४७ : मार्ग होता, बोटीवर नव्हता

कोकणची जलवाहतूक दीर्घकाळ परकीय व्यवस्थापनाखालील कंपन्यांच्या हाती होती. तिच्याशी स्पर्धा करण्यासाठी स्वदेशीच्या भावनेतून सहकारी तत्त्वावर उभ्या राहिलेल्या कंपनीस लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. संतांची नावे धारण करणाऱ्या तिच्या बोटींविषयी कोकणी माणसास आपुलकी होती. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'जयंती' व 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या, हा या मार्गावरील मोठा आघात होता. ती घटनाही मान्सूनोत्तर मोसमातील होती.

'रामदास' ही बोट १९३६ मध्ये इंग्लंडमधील स्वॅन हंटर यांच्या कारखान्यात बांधली गेली. गुरुवार, १७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या धक्क्याचे हे नाव बंदराच्या वाढीत टिकून राहिले असून आजचा भाऊचा धक्का माझगावच्या किनाऱ्यावर आहे. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या होती. लोक तिला गटारी म्हणतात. सणानिमित्त गिरणगावातील व गिरगाव-परळमधील अलिबाग परिसराची माणसे गावी निघाली होती. खलाशी धरून बोटीवर सुमारे सातशे जण होते. बंदराच्या मुखाशी, काशाच्या खडकानजीक, बोट जोराच्या वाऱ्यात व लाटांत सापडली. एका बाजूने पाणी आत आले तसे उतारू दुसऱ्या बाजूस धावले, तोल गेला आणि बोट कलंडली. पावसापासून संरक्षणासाठी बाजूंना बांधलेल्या ताडपत्र्यांमुळे अनेकांना बाहेर पडता आले नाही. साडेआठ वाजून थोडाच वेळ झाला होता. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते.

या दुर्घटनेचे तीन पैलू प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, हे चक्रीवादळ नव्हते. जुलैमधील नैऋत्य मान्सूनचा जोर, अमावास्येच्या उधाणाचे दिवस आणि आडोसा संपण्याची जागा या तीन ज्ञात गोष्टी एकत्र आल्या होत्या. यांपैकी एकही गोष्ट अनपेक्षित म्हणता येत नाही. मोठ्या कोकण मार्गावरील वाहतूक पावसाळ्यात बंद राही, परंतु रेवसचा मार्ग 'आतला' मानला जाई. हा मार्ग आतला होता तो बहुतांश. मुखासमोरून जाणारा त्याचा भाग आतला नव्हता.

दुसरा पैलू संदेशवहनाचा आहे. बिनतारी यंत्रणा तोवर जगभर प्रचारात येऊन अनेक दशके लोटली होती, पण 'रामदास'वर ती नव्हती. त्यामुळे नजरेच्या टप्प्यात म्हणता येईल अशा अंतरावर बोट बुडूनही मुंबईस त्याची वार्ता दुपार उलटल्यावर, पोहत अथवा वाहत किनाऱ्यास लागलेल्या माणसाकडून कळली. १८८८ मध्ये साधन अस्तित्वातच नव्हते. १९४७ मध्ये ते अस्तित्वात होते, परंतु लहान पल्ल्याच्या, सामान्य उतारूंच्या बोटीसाठी आवश्यक मानले गेले नव्हते. हा फरक मूलभूत आहे. पहिल्या बाबतीत मर्यादा विज्ञानाची होती, दुसऱ्या बाबतीत ती प्राधान्यक्रमाची होती.

तिसरा पैलू बचावकार्याचा. जे वाचले त्यांपैकी बहुतेकांना रेवसच्या बाजूने मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी वाचविले. त्यांनी आपल्या मचव्यांतील मासळी समुद्रात टाकून माणसे घेतली, असे सांगितले जाते. त्याच पाण्यात, त्याच वेळी, लहान मचवे तरंगत होते आणि आगबोट बुडाली, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. पाण्याशी रोजचा व्यवहार असणाऱ्यांचे ज्ञान आणि वेळापत्रकाप्रमाणे बोट सोडणारी व्यवस्था, यांचा परस्परांशी संवाद नव्हता.

'पी-३०५', २०२१ : वार्ता होती, निर्णय चुकला

स्वातंत्र्योत्तर काळात पूर्वसूचनेच्या शास्त्रात अभूतपूर्व प्रगती झाली. कृत्रिम उपग्रह, रडार आणि संगणकीय प्रारूपे यांमुळे वादळ जन्मतःच दिसू लागले. ओडिशातील १९९९ च्या अनुभवाच्या काळात चार टप्प्यांची इशारापद्धती आली. २००४ पासून उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे दिली जाऊ लागली. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' व जून २०२० मधील 'निसर्ग' या वादळांनी कोकणास तडाखा दिला. 'निसर्ग' ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले तेव्हा मुंबईचा बचाव थोडक्यात झाला. अरबी समुद्राचे पाणी अलीकडील दशकांत तापत असून तेथील वादळांची तीव्रता वाढत असल्याचे अभ्यास सांगतात. म्हणजे अरबी समुद्र हा बंगालच्या उपसागराच्या तुलनेने सौम्य, हा जुना अनुभव यापुढे आधारास घेणे कठीण झाले आहे.

मे २०२१ मधील 'तौक्ते' वादळाचा प्रवास पूर्वसूचनेच्या दृष्टीने आदर्श होता. १४ मे रोजी लक्षद्वीप परिसरात कमी दाबाचे तीव्र क्षेत्र तयार झाले. त्याची उत्तरेकडील वाटचाल व संभाव्य तीव्रता आधीपासून सांगितली जात होती. १७ मे रोजी ते मुंबईच्या पश्चिमेकडून गेले आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर पोहोचले. कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत नोंदला गेला. मासेमारी नौका बहुसंख्येने परतल्या होत्या. तथापि मुंबईच्या पश्चिमेस समुद्रातील तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासासाठी असलेली 'पी-३०५' ही बार्ज बंदरात परतली नाही. तिच्यावर २६१ जण होते. नांगर तुटून ती भरकटली, तेलफलाटावर आदळली आणि १७ मे रोजी सायंकाळी बुडाली. सुमारे सत्तर कामगार व कर्मचारी दगावले. 'वरप्रदा' ही टगही याच वादळात बुडाली.

नौदलाने खवळलेल्या समुद्रात केलेल्या बचावकार्यामुळे १८० हून अधिक माणसे वाचली. या कार्यात अग्रभागी असलेल्या 'आयएनएस कोची' व 'आयएनएस कोलकाता' या दोन्ही विनाशिका माझगाव गोदीत बांधलेल्या आहेत. १७७४ मध्ये आडोसा पाहून उभारलेल्या गोदीतून निघालेली जहाजे उघड्या समुद्रात, वादळात, माणसे उचलीत होती, ही माझगावच्या इतिहासातील अभिमानास्पद नोंद होय. मात्र या अभिमानाने मूळ प्रश्न झाकला जाऊ नये. वादळाची वार्ता तीन दिवस आधी उपलब्ध असताना ही माणसे समुद्रात का होती? निर्णय घेण्याचा अधिकार त्यांच्यापाशी नव्हता. काम केव्हा थांबवावे व केव्हा परतावे, हे ठरविणारी साखळी कंत्राट, वेळापत्रक आणि खर्च यांच्या हिशेबाने बांधलेली होती.

तीन घटनांचा तुलनात्मक विचार

उपरोक्त तीन घटना एकत्र ठेवल्या असता एक क्रम स्पष्ट होतो. १८८८ मध्ये वादळाचे ज्ञान समुद्रापर्यंत पोहोचू शकत नव्हते. १९४७ मध्ये ते पोहोचू शकत होते, पण पोहोचविण्याची सोय केलेली नव्हती. २०२१ मध्ये ते पोहोचले होते, पण त्यावर वेळेत कृती झाली नाही. ज्ञानातील अंतर दर टप्प्यास घटत गेले. ज्ञान आणि निर्णय यांमधील अंतर मात्र तसेच राहिले. तिन्ही वेळी बोटीवरील बहुसंख्य माणसांना निघावे की थांबावे यात मत नव्हते. वऱ्हाडी, गिरणीकामगार, कंत्राटी कामगार असे त्यांचे रूप बदलले, स्थिती बदलली नाही.

स्मृतीच्या बाबतीतही फरक आढळतो. 'वीजळी'ची स्मृती सौराष्ट्र-कच्छच्या लोकगीतांनी जपली. 'रामदास'ची स्मृती अलिबाग-रेवस परिसरातील घराघरांत कथेच्या रूपाने राहिली, कारण बुडालेली माणसे एका मुलखाची, एका भाषेची होती. 'पी-३०५' वरील कामगार अनेक राज्यांतून आलेले होते. त्यांचे दुःख पांगले गेले आणि त्यास सामाईक भाषा लाभली नाही. ज्या आपत्तीची सामूहिक स्मृती तयार होत नाही तिचा धडाही लवकर पुसला जातो.

निष्कर्ष

१) माझगावच्या किनाऱ्यास लाभलेला नैसर्गिक आडोसा हे त्याच्या भरभराटीचे कारण आहे. तथापि आडोशाची सीमा कोठे संपते याचे भान सुटणे हे येथील दुर्घटनांचे एक प्रमुख कारण ठरले आहे.

२) कोळ्यांचे ऋतुज्ञान आणि हवामान खात्याची पूर्वसूचना ही परस्परविरोधी नसून पूरक आहेत. पहिले ऋतूचे सर्वसाधारण स्वरूप सांगते, दुसरी विशिष्ट दिवसाचे. दोहोंची सांगड घालण्याचा संस्थात्मक प्रयत्न पुरेसा झालेला नाही.

३) वादळांच्या ऐतिहासिक नोंदींची चिकित्सा आवश्यक आहे. १८८२ सारख्या निराधार नोंदी पाठ्यपुस्तकांत व याद्यांत पुनरुक्त होत राहिल्यास खऱ्या धोक्याचे आकलन बिघडते.

४) पूर्वसूचनेची अचूकता वाढविणे पुरेसे नाही. सूचना मिळाल्यावर थांबण्याचा निर्णय कोण घेतो आणि त्या निर्णयाचा आर्थिक भार कोण सोसतो, हे निश्चित झाल्याखेरीज ती सूचना निष्फळ ठरते.

मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहने व उतारू नेणारी रो-रो सेवा सुरू झाली आणि माझगाव-अलिबाग जलमार्गास नवे महत्त्व आले. नव्या जहाजांची तुलना 'रामदास'शी करता येणार नाही. परंतु पाणी तेच आहे, बंदराचे मुख त्याच दिशेस उघडते आणि काशाचा खडक आपल्या जागी आहे. १७ जुलै १९४७ च्या उतारूंना धक्क्यावरून जे पाणी दिसले होते ते शांत होते. पुढील अर्ध्या तासात काय आहे, हे सांगणारे कोणी तेथे नव्हते. ते सांगणारी व्यवस्था आज आहे. तिचे म्हणणे ऐकून बोट थांबविण्याचा अधिकार आणि उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न मात्र इतिहासाने अद्याप मिटविलेला नाही.